सुभेदाराचा पिवळा बिल्ला

माझ्या मामांना कधी कुत्रा चावला नव्हता, अंगावर धावून आला नव्हता, साधा गुरगुरलासुद्धा नव्हता. तरी ते कुत्र्यांना घाबरायचे. मामी म्हणायची, "चावला नाही म्हणूनच घाबरतात. लहानपणी एकदा चावून मोकळा झाला असता, तर विषय मिटला असता." अशा माणसाची, जन्म-मृत्यू नोंदणीत एकोणीस वर्षं काढल्यावर, नगरपालिकेच्या श्वान परवाना विभागात बदली झाली.

मी तेव्हा त्यांच्याकडे राहून नर्सिंग शिकत होते. बदलीचा कागद हातात घेऊन मामा घरी आले, बूट न काढताच खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "चार नंबरची खिडकी."

"मग काय झालं?" मामी म्हणाली. "काच आहे ना मध्ये?"

"काच आहे," मामा म्हणाले, "पण खाली अर्धगोल भोक आहे. कागद आत घ्यायला."

"त्यातून कुत्रा येईल?"

"लहान असला तर येईल."

आणि त्या खिडकीवर लहानच कुत्रे जास्त यायचे. कारण नियम असा होता: मांडीवर मावणाऱ्या जातीचा कुत्रा असला, तर त्याला पिवळा बिल्ला. पिवळा बिल्ला गळ्यात असला की बाग, बस, लिफ्ट सगळीकडे मोकळं रान. बाकीच्यांना निळा बिल्ला, तोंडाला जाळी, आणि बागेच्या फाटकाबाहेरूनच फुलं बघायची. साहजिकच गावातला प्रत्येक कुत्रा मांडीवर मावणारा होता. एक गृहस्थ वासराएवढा कुत्रा घेऊन आले आणि म्हणाले, "लहानपणी मांडीवर मावत होता हो."

"लहानपणी मीही मावत होतो," मामा म्हणाले आणि निळा बिल्ला पुढे सरकवला.

पण एवढी हजरजबाबी हिंमत यायला वर्ष जावं लागलं. पहिल्या आठवड्यात मामांची पार भंबेरी उडाली होती. अर्जात 'जात' असा रकाना होता आणि लोक त्यात मनाला येईल ते लिहायचे. कुणी लिहायचं 'पांढरा', कुणी 'प्रेमळ', एका आजोबांनी तर 'आमच्या सुनेचा' एवढंच लिहिलं होतं. मामा जन्म-मृत्यूतून आलेले. तिथे माणूस एक तर जन्मलेला असतो किंवा मेलेला. मधलं काही चालत नाही. त्यांना हा ढिसाळपणा सहन होईना. जात आपणच ओळखायची, असं त्यांनी ठरवलं.

कुत्र्यांच्या खाण्याच्या दुकानातून त्यांनी एक कॅलेंडर मिळवलं. बारा महिने, बारा चिमुकल्या जाती. ते स्वयंपाकघरात टांगलं गेलं आणि रोज जेवताना परीक्षा सुरू झाली. मामी नावावर अंगठा ठेवायची आणि मामा घास हातात धरून सांगायचे. कान उभे आणि झालरीचे, फुलपाखराच्या पंखासारखे पसरलेले, तर पॅपिलॉन. कान उभेच, पण वटवाघळाचे, आणि डोकं सफरचंदासारखं गोल, तर चिवावा. कोल्ह्याचं तोंड पिंजलेल्या कापसात बसवलंय आणि शेपूट पाठीवर पंख्यासारखं उघडलंय, तर पॉमेरेनियन. रेशमी केसांचा पाठीवर मधोमध भांग पाडून ते दोन्हीकडे जमिनीपर्यंत सोडलेले असले, तर आधी रंग बघायचा. पांढराशुभ्र असेल तर माल्टीज. पाठ पोलादी निळी आणि तोंड तपकिरी असेल तर यॉर्कशायर टेरियर.

"आमच्या लग्नाच्या आधी माझा चेहरा बघायला यांनी एवढा वेळ घेतला नव्हता," मामी मला म्हणायची.

खरी गोची चपट्या तोंडांची. पग सोपा, आखूड केस, कपाळावर जन्मभराच्या आठ्या, शेपटाची स्प्रिंग. पण शिह त्झू, जपानी चिन आणि पेकिंगीज या तिघांनी मामांना रडवलं. शेवटी त्यांनी एका छोट्या वहीत लिहून काढलं: 'पेकिंगीज – नाक दोन डोळ्यांच्या मध्ये ठेचून बसवलेलं. डोळे मोठे, काळे, एकमेकांपासून लांब. कान लोंबते, झालरीचे. मानेभोवती सिंहासारखी आयाळ. पुढचे पाय वाकडे, म्हणून चाल डुलती. चेहऱ्यावर भाव – आपण कोण आहोत हे समोरच्याला ठाऊक असावं, असा.' ही जात मामांची सगळ्यात लाडकी झाली. दुर्दैव एवढंच, की गावात एकाकडेही पेकिंगीज नव्हता.

पण बाकीच्या जातींवर मामांची नजर अशी बसली की वर्षभरात त्यांना लोक 'पारखी' म्हणायला लागले. कुणी कुत्रा घेऊन खिडकीशी आलं, की मामा काचेआडून हात वर करायचे आणि म्हणायचे, "सांगू नका!" मग श्वास रोखून बघायचे. आधी कान, मग नाक, मग शेपूट, मग मालकाला म्हणायचे, "चार पावलं चालवा." आणि मग जात सांगायचे. शेजारी उभा असलेला शिपाई धाडकन शिक्का मारायचा. त्या शिपायाने मामांच्या नावावर चहाच्या टपरीवर पैजासुद्धा जिंकल्या होत्या. "जगात जात विचारावी ती फक्त कुत्र्याची," मामा म्हणायचे, "आणि तीही विचारू नये. ओळखावी." अकरा वर्षांत ते एकदाही चुकले नाहीत. आणि अकरा वर्षांत त्यांनी एकाही कुत्र्याला हात लावला नाही. शिकणं संपून मला नोकरी लागली, तरी मी अजून मामांकडेच राहत होते. त्यामुळे पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

झालं असं. थंडीचे दिवस होते. बाजारामागच्या चार मजली इमारतीत एक निवृत्त बाई राहायच्या. चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. अख्खं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. तर या बाई नगरपालिकेत आल्या त्या पाण्याची तक्रार करायला. ती खिडकी तीन नंबरची. पण तीन नंबरवाले चहाला गेलेले, आणि मागच्या रांगेने ढकलत ढकलत बाईंना चार नंबरसमोर आणून उभं केलं.

बाईंच्या हातात शालीचं गाठोडं होतं. गाठोड्यातून एक चेहरा बाहेर आलेला. डोक्याला लोकरीचा रुमाल करकचून बांधलेला, कारण कान दुखत होता आणि नुकतंच दवाखान्यातून त्यात औषध घालून आणलं होतं. ते सुभेदार.

मामांनी पाहिलं. नाक दोन डोळ्यांच्या मध्ये ठेचून बसवलेलं. डोळे मोठे, लांब लांब. गालाखाली भरघोस आयाळ. आणि चेहऱ्यावर भाव असा, की आपण कोण आहोत हे समोरच्याला ठाऊक असावं.

मामांचा हात आपोआप वर गेला. "सांगू नका!"

बाईंनी बोलायला तोंड उघडलं होतं ते मिटलं. चौतीस वर्षं दुसऱ्यांना गप्प बसवलेल्या बाईंना बसलेला हा पहिलाच दट्ट्या होता.

मामांनी पुढे वहीत जे टिपलं ते मी नंतर स्वतः वाचलं आहे. 'कान – झाकलेले, लोंबतेच असणार. डोळे – काळ्याऐवजी तांबूस, वयोमानाने. चाल – दाखवण्यास प्राण्याने नकार दिला, स्वभावाला धरून. आवाज – नाही, खानदानी.'

"पेकिंगीज!" मामा म्हणाले. "अस्सल. असा नमुना मी कॅलेंडरातसुद्धा पाहिला नाही."

हे मात्र अगदी खरं होतं.

"नाव?"

"माझं?"

"नाही, यांचं."

"सुभेदार," बाई म्हणाल्या. नगरपालिकेला त्याचं नाव कशाला लागतं, हे त्यांना कळलं नाही. पण हल्ली सगळीकडे घरातल्या सगळ्यांची नावं मागतात, असं त्यांनी मनाशी म्हटलं. चष्मा घरी राहिला होता. मामांनी दाखवलं तिथे सही केली. शिपायाने शिक्का मारला. पिवळा बिल्ला, क्रमांक दोनशे अठरा, अर्धगोल भोकातून बाहेर आला.

"आणि पाण्याचं काय?" बाईंनी विचारलं.

"स्वच्छ भांड्यात ठेवा," मामा म्हणाले. "दिवसातून तीनदा बदला."

त्या दिवशी मामा घरी आले ते तरंगत. जेवताना कॅलेंडरातल्या पेकिंगीजकडे बघून ते दोनदा हसले. अकरा वर्षांत आम्ही त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं.

तीन महिन्यांनी चार नंबरसमोर बाईंच्याच इमारतीतले एक वकील येऊन उभे राहिले. कुत्रा नव्हता बरोबर, पण रागाने तेच भुंकायचे बाकी होते. मी त्या दिवशी मामांचा विसरलेला डबा द्यायला गेले होते.

"दोनशे अठरा नंबरचा कुत्रा तुमचाच का?" वकिलांनी 'कुत्रा' या शब्दावर खोचक जोर देत विचारलं.

मामांनी नोंदवही न उघडताच सांगितलं, "पेकिंगीज. सुभेदार."

"तो रोज माझ्या तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर येऊन बसतो. काल आत येऊन टेबलावरचं दूध प्यायला आणि माझ्या अशिलाच्या फायलीवर झोपला."

मामा समजूतदारपणे हसले. "शक्य नाही. पेकिंगीजचे पुढचे पाय वाकडे असतात. तो धड जिना चढत नाही, छज्ज्यावर कुठला चढतो?"

"मग उडत आला असेल," वकील म्हणाले. "बिल्ल्यावरचा नंबर मी स्वतः वाचलाय. जागेवर येऊन बघा."

आता मामांना जाणं भाग होतं. बरोबर शिपाई निघाला, आणि मजा बघायला मीही निघाले. इमारतीच्या मागे जुनी आवाराची भिंत होती, जेमतेम वीतभर रुंद. आम्ही वळलो आणि समोर भिंतीवरून, सकाळच्या उन्हात, दोनशे अठरा नंबर चालत येत होता. गळ्यात पिवळा बिल्ला लखलखत होता. डोक्याला रुमाल नव्हता. दोन छोटे, टोकदार कान ताठ उभे होते.

मी मामांकडे पाहिलं. मामांनी वही काढली.

"चाल," ते पुटपुटले, "डुलती. बरोबर आहे."

"साहेब," शिपाई हळूच म्हणाला, "कुत्रं भिंतीवर..."

"जात काटक आहे."

"कान, साहेब."

"कान उभे आहेत खरे," मामा म्हणाले. त्यांच्या कपाळाला घाम फुटला होता. "क्वचित एखाद्याचे असतात."

तेवढ्यात सुभेदाराने भिंतीवरून सरळ मामांच्या पायाशी उडी टाकली, शेपूट ताठ वर केलं, त्यांच्या विजारीला अंग घासलं आणि तोंड वर करून म्हणाला, "म्याँव."

मामांनी वही मिटली.

शिपाई भला माणूस. त्याला ती मिटलेली वही बघवेना. तो म्हणाला, "परदेशी जात आहे साहेब. भुंकायची पद्धत वेगळी असेल."

मग आम्ही बाईंच्या घरी गेलो. दारात नकाशा टांगलेला, खुर्च्या परीक्षेच्या हॉलसारख्या ओळीत. बाईंनी आम्हाला बसवलं. मामा उभेच राहिले. वर्गात उत्तर न आलेल्या मुलासारखे.

"बाई," मामा म्हणाले, "हे मांजर आहे."

"आहेच," बाई म्हणाल्या. "सात वर्षं झाली."

"पण तुम्ही त्या दिवशी काही बोलला नाहीत!"

"तुम्ही बोलू दिलंत? हात वर करून म्हणालात, सांगू नका. घरी येऊन चष्मा लावला, तर कागदावर श्वान. मी म्हटलं, सरकारने इतकी बारकाईने पाहणी केली आहे, तर त्यांच्याकडे काही कारण असेल. भूगोलात तरी काय, काल होते ते देश आज नसतात. बदल झाला की आपण तसं शिकवायचं."

आणि बाईंनी नियम तंतोतंत पाळले होते. परवान्यामागे लिहिलं होतं म्हणून सुभेदाराला पट्टा घेतला होता. रोज संध्याकाळी बागेत नेत होत्या. पहिले आठ दिवस पट्टा बांधला की सुभेदार आडवा पडायचा आणि बाई त्याला फरशी पुसल्यासारखं ओढत न्यायच्या. मग तो चालायला लागला. "रखवालदाराने एकदा हटकलं," बाई म्हणाल्या. "म्हणाला, मांजराला बंदी आहे. मी कागद दाखवला. त्याने कागद वाचला, मांजर बघितलं, परत कागद वाचला आणि सलाम ठोकला."

"मी परवाना रद्द करतो," मामा म्हणाले.

पण रद्द करणं सोपं नव्हतं. रद्द करायच्या अर्जात कारणं तीनच छापलेली: कुत्रा मेला, कुत्रा हरवला, कुत्रा दुसऱ्याला दिला. मामांनी तीनही वाचून दाखवली. बाई ताडकन उठल्या. "मेला म्हणून लिहायचं नाही! समोर बसलाय. हरवलेला नाही. आणि मी तो कुणाला देणार नाही."

सुभेदार तोवर मामांच्या मांडीवर येऊन बसला होता. मामा कधी बसले तेही आम्हाला कळलं नव्हतं. त्यांचे दोन्ही हात हवेत होते, कुणीतरी बंदूक रोखल्यासारखे. मग एक हात हळूहळू खाली आला आणि आयाळीत बुडाला. "मऊ आहे," मामा म्हणाले. पन्नाशी उलटलेला माणूस, जन्मात पहिल्यांदा एका जनावराला हात लावत होता.

घरी ही हकिकत मीच सांगितली. मामी इतकी हसली की तिला गॅस बंद करावा लागला. हसता हसता कॅलेंडराकडे बोट दाखवायची आणि परत हसायची. मग तिने मामांचं तोंड पाहिलं आणि पदराने डोळे पुसून म्हणाली, "अहो, चुकतो माणूस. सांगून टाका साहेबांना."

साहेबांनी ऐकलं, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "हे बघा, गाजावाजा नको. मांजर काही शंभर वर्षं जगणार नाही. गेलं की 'कुत्रा मेला' लिहा आणि फाइल बंद."

"साहेब," मामा म्हणाले, "नोंदवहीत मांजर आहे हे ठाऊक असताना मी बाकीच्या कुत्र्यांकडे कुठल्या तोंडाने बघू?"

मामांनी नोंदवही उघडली आणि दोनशे अठराच्या ओळीवर लाल शाईने, आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'सदर श्वान फेरतपासणीत मांजर आढळले. चूक माझी आहे, मांजराची नाही.' खाली सही, तारीख.

शिपायाच्या पोटात ही गोष्ट दुपारपर्यंतच राहिली. दुसऱ्या दिवसापासून लोकांना ऊत आला. एकाने शालीत ससा आणला. एकाने स्वतःचं तान्हं बाळ टोपडं घालून खिडकीशी धरलं आणि म्हणाला, "सांगत नाही, ओळखा!" शाळेची पोरं तर जाता-येता काचेशी म्याँव करून पळायची. पारखी हे नाव पुसलं गेलं. मामा आता 'मांजरवाले' झाले. आता बदली मागणार, अशी माझी आणि मामीची खात्री झाली होती.

पण त्यांनी बदलीचा नाही, वेगळाच अर्ज केला: खिडकीशेजारचं दार उघडं ठेवायची परवानगी मिळावी आणि आत एक बुटकं टेबल मिळावं. "चूक काचेमुळे झाली," ते मामीला म्हणाले. "हात लावला असता, तर पहिल्या फटक्यात कळलं असतं."

टेबलावर पहिला आला तो एक चिवावा. त्याच्या मालकिणीने त्याला ठेवला आणि बाजूला झाली. चिवावा थरथरत होता, मामा थरथरत होते. शिपाई नंतर म्हणाला, कोण कुणाला भितंय काही कळायला मार्ग नव्हता. अखेर मामांनी दोन बोटं त्याच्या डोक्यावर ठेवली आणि त्यांना टाळूवर एक छोटा मऊ खळगा लागला, तान्ह्या मुलाच्या टाळूसारखा. पुष्कळ चिवावांना तसा असतो. कॅलेंडरात तो कुठून दिसणार? मामांनी पुन्हा एकदा बोटं फिरवून खात्री केली. कुत्रा त्यांना चावला. मामांनी बोटाकडे पाहिलं, रक्ताचा एवढासा थेंब आला होता.

"एवढंच?" मामा म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांची भीड चेपली. पॉमेरेनियनच्या केसांत कोपरापर्यंत हात बुडवून ते सांगायला लागले, की वरचे केस खरखरीत, खालचे लोकरीसारखे, आणि आत कुत्रा असा मूठभरच. दोन वर्षांनी गावात खरा पेकिंगीज आला, एका नव्या डॉक्टरीणबाईंचा. मामांनी "सांगू नका" म्हणायचं सोडून दिलं होतं. ते म्हणाले, "तुम्हीच सांगा, मी फक्त खात्री करतो." त्यांनी त्याला उचलला आणि त्यांचे हात एकदम खाली गेले. दिसतो कापसाच्या उशीसारखा, पण वजन विटांच्या पिशवीचं. हाडं ही अशी, छाती पुढे दणकट आणि मागचा भाग सडपातळ. "सुभेदारापेक्षा कितीतरी जड," मामा म्हणाले. डॉक्टरीणबाईंना वाटलं, सुभेदार म्हणजे नगरपालिकेतले कुणी अधिकारी.

खुद्द सुभेदाराला पट्ट्याची इतकी सवय झाली होती की परवाना गेल्यावरही तो संध्याकाळी दाराशी पट्टा तोंडात धरून बसायचा. बागेत मांजराला बंदी. मग बाई त्याला फाटकाबाहेरच्या रस्त्यावर फिरवायच्या, जाळी बांधलेल्या मोठमोठ्या कुत्र्यांच्या घोळक्यात. आणि ते बिचारे त्याला वाट द्यायचे. तीन नंबरवाल्यांना चहावरून उठवून बाईंची पाण्याची तक्रार मामांनी स्वतः लिहून घेतली. छापील अर्जही बदलला. 'जात' या रकान्याच्या वर आता एक नवा रकाना आहे: 'प्राणी कोणता (अर्जदाराने स्वतः लिहावे)'.

मामा गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाला चार नंबरसमोर एकवीस कुत्रे आले होते, सगळे पिवळ्या बिल्ल्याचे, आणि मामांनी प्रत्येकाच्या पाठीवरून हात फिरवला. मी म्हटलं, "मामा, आता घरी एखादा आणू या का? छोटासा?"

"कशाला?" मामा म्हणाले. "घरी बसून पुन्हा ऑफिसचंच काम?"

मामीने मात्र मला डोळ्याने खुणावलं आणि दुसऱ्या दिवशी मला बरोबर घेऊन पट्ट्याचं माप विचारायला दुकानात गेली.